घरच्या मत्स्यटाकीसाठी शेवाळ खाणारे लहान मासे : एक अभ्यास

विद्यालयाच्या प्रयोगशाळेबाहेरील व्हरांड्यात ठेवलेली दोन फूट लांबीची मत्स्यटाकी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. रविवारी पाल्यांना भेटण्यासाठी येणारे पालक तिच्यापुढे हमखास थांबतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. घरी मुलांच्या हट्टापायी टाकी आणली, महिनाभरात काच हिरवी झाली, दुकानदार म्हणतो शेवाळ खाणारा मासा टाका. तर कोणता मासा आणावा? माजी विद्यार्थीही पत्राने, फोनने हेच विचारतात. प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा स्मरणिकेच्या निमित्ताने ते सविस्तर लिहावे, असे आम्हा विज्ञान विभागातील सहकाऱ्यांना वाटले. जे लिहितो आहोत त्यातील बराच भाग आम्ही पुस्तकातून शिकलो. परंतु जो भाग अधिक महत्त्वाचा आहे तो चुकांतून शिकलो, आणि त्या चुकांची किंमत आम्ही नव्हे, माशांनी मोजली.

प्रथम शेवाळाविषयी. ज्याला आपण सरसकट ‘शेवाळ’ म्हणतो ते एक नसते. टाकी नवी असताना पहिल्या काही आठवड्यांत काचेवर आणि वाळूवर तपकिरी, बोटाने सहज पुसला जाणारा थर येतो. ते डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल होय. पुढे काचेवर हिरवा मऊ लेप येतो, कधी घट्ट चिकटलेले हिरवे ठिपके येतात, कधी वनस्पतींवर केसांसारखे धागे लोंबू लागतात. पंपाच्या तोंडाशी, पानांच्या कडांवर काळ्या दाढीसारखे झुबके दिसतात. ते रंगाने काळे असले तरी शास्त्रज्ञ त्यांची गणना लाल शैवालांत करतात. याशिवाय एक निळसर-हिरवी बुळबुळीत चादर वाळूवर पसरते आणि तिला मातकट कुबट वास येतो. तिला पाठ्यपुस्तकांत नीलहरित शैवाल म्हणत असले तरी वस्तुतः ती जिवाणूंची वसाहत असते. आणि कधी कधी तर काच स्वच्छ, परंतु पाणीच पालकाच्या सुपासारखे हिरवे, असाही प्रकार घडतो.

हे वर्गीकरण केवळ परीक्षेपुरते नाही. तपकिरी थर आणि हिरवा मऊ लेप हेच बहुतेक लहान शेवाळखाऊ माशांचे खरे अन्न होय. घट्ट ठिपके माशाच्या ओठांना सहसा निघत नाहीत. ते जुन्या पत्त्याने किंवा पात्याने खरवडावे लागतात. नीलहरित चादरीला कोणताही मासा आवडीने तोंड लावत नाही. हिरव्या झालेल्या पाण्यातील शैवाल इतके सूक्ष्म असते की ते चरणे त्यांच्या आवाक्याबाहेर आहे. त्यावर उपाय म्हणजे तीन-चार दिवस टाकीवर चादर टाकून पूर्ण अंधार करणे. म्हणजे आपल्या टाकीत नेमके काय वाढले आहे हे न पाहता मासा आणणे म्हणजे रोग न ओळखता औषध घेणे होय.

त्याहूनही मूलभूत बाब पुढे आहे. शेवाळ वाढते ते प्रकाश आणि पोषकद्रव्ये यांवर. माशांना घातलेले जास्तीचे खाद्य कुजते, माशांची विष्ठा साचते, त्यातून अमोनिया निर्माण होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, आणि हे नायट्रेट म्हणजे शेवाळाला मिळालेले आयते खत. आता शेवाळ खाणारा मासा आणला तर तो शेवाळ खातो, पचवतो आणि विष्ठेच्या रूपाने त्यातील बराच अंश त्याच पाण्यात परत टाकतो. टाकीतील खत टाकीबाहेर जात नाही. ते बाहेर जाते ते फक्त दोन मार्गांनी : आपण पाणी बदलतो तेव्हा, आणि शेवाळ वा वाढलेली पाने हाताने काढून फेकतो तेव्हा. नववीच्या एका वर्गात आम्ही हे समजावीत असताना मागच्या बाकावरून एक विद्यार्थी म्हणाला, “सर, म्हणजे मासा केर काढत नाही, केर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेतो.” यापेक्षा नेमके आम्हालाही सांगता आले नसते.

म्हणून मासा आणण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. टाकीवर थेट ऊन येत असेल तर तिची जागा बदलावी. आमच्या व्हरांड्यात सकाळचे दोन तास ऊन येत असे आणि ते आमच्या लक्षातच आले नव्हते. दिवा रोज सहा ते आठ तासांहून अधिक ठेवू नये. आठवड्यातून एकदा पाव भाग पाणी बदलावे. नळाचे पाणी क्लोरीनयुक्त असल्यास क्लोरीन घालवूनच ते टाकीत घालावे. शेतीच्या भागातील वाचकांनी आणखी एक दक्षता घ्यावी. विहिरीच्या वा विंधनविहिरीच्या पाण्यात रासायनिक खतांमुळे मुळातच नायट्रेट अधिक असू शकते. तसे असेल तर पाणी कितीही बदलले तरी आपण शेवाळाला खतच घालत राहतो. चाचणीपट्टी बाजारात मिळते. तिने आधी बादलीतले पाणी तपासावे, मग टाकीतले.

एवढे करूनही थोडे शेवाळ राहतेच, आणि ते राहावे. त्या थोड्या शेवाळावर जगणारा मासा निवडण्याचा विषय इथून सुरू होतो.

दुकानात सर्वांत लहान आणि खरोखर शेवाळ खाणारा असा जो मासा मिळतो तो ओटोसिंक्लस; बोलीभाषेत ‘ओटो’. दक्षिण अमेरिकेच्या नद्यांतला हा चार सेंटिमीटरच्या आसपास लांबीचा मासा. अंगावर शेपटीपर्यंत जाणारा गडद पट्टा, तोंड खाली वळलेले, ओठ चूषकासारखे. पानाला, काचेला चिकटून तो दिवसभर चरत असतो. तो इतर माशांना त्रास देत नाही, कोवळी पानेही कुरतडत नाही. एकटा राहिला तर बुजतो. म्हणून पाच-सहांचा गट हवा. हे सर्व गुण वाचून आम्ही काही वर्षांपूर्वी सहा ओटो आणले. तीन आठवड्यांत चार मेले.

का मेले हे विद्यार्थ्यांनी विचारले तेव्हा आम्ही पाण्याची आम्लता, तापमान, वाहतुकीचा ताण अशी कारणे सांगितली. ती चूक नव्हती. परंतु खरे कारण आमच्या लक्षात उशिरा आले. मासे आणल्यावर दोनच दिवसांनी वर्धापनदिन होता. पाहुणे येणार म्हणून आम्हीच टाकीची काच चारही बाजूंनी घासून लख्ख केली, दगड ब्रशने धुऊन घेतले. टाकीही जेमतेम महिन्याची होती. दुसरे मासे वरून टाकलेले दाणे खात होते. ओटोंना त्या दाण्यांत अन्न दिसतच नव्हते. पाहुण्यांनी टाकीची स्तुती केली. ज्यांचे अन्न आम्ही पुसून टाकले ते सहा मासे त्या स्वच्छ काचेला चिकटून उपाशी राहिले.

ओटो बहुधा नदीतून पकडलेले असतात, पैदास केंद्रातले नसतात. पकडल्यापासून दुकानापर्यंतच्या प्रवासात त्यांना फारसे अन्न मिळत नाही, आणि आपल्या हाती येतात तेव्हाच ते अर्धपोटी असतात. म्हणून दुकानात त्यांच्याकडे वरून नव्हे, काचेला चिकटले असताना पोटाच्या बाजूने पाहावे. पोट थोडे गोलसर भरलेले असावे. ते आत गेलेले, खोलगट दिसत असेल तर तो मासा आणू नये. आणि दुकानात आलेल्या दिवशीच कोणताही ओटो आणू नये. आठ-दहा दिवस दुकानात टिकलेले मासे घ्यावेत. टाकी किमान दोन-तीन महिने चाललेली, काचेवर आणि दगडांवर थर धरलेली असावी. समोरची काच आपल्याला पाहण्यासाठी पुसावी, मागची आणि बाजूच्या काचा त्यांच्यासाठी सोडाव्यात.

तरीही शेवाळ कमी पडतेच. काकडीची चकती, उकळत्या पाण्यातून क्षणभर काढलेले पालकाचे पान दगडाखाली दाबून संध्याकाळी ठेवावे आणि सकाळी उरलेले काढून टाकावे. काही ओटो दोन-तीन दिवस त्याकडे फिरकत नाहीत, धीर धरावा. मात्र आम्हाला सर्वाधिक उपयोगी पडलेली युक्ती विद्यार्थ्यांची आहे. वसतिगृहाच्या गच्चीवर एका पांढऱ्या बादलीत टाकीतले काढलेले पाणी आणि नदीतले गुळगुळीत, चांगले धुतलेले दगड ठेवायचे. आठ-दहा दिवसांच्या उन्हात दगडांवर हिरवा मऊ थर येतो. त्यातले दोन दगड टाकीत, टाकीतले दोन चरून झालेले दगड परत बादलीत. बादलीवर जाळी बांधावी, नाहीतर डास होतात. शेवाळ घालवण्यासाठी ज्यांनी मासे आणले त्यांनीच गच्चीवर शेवाळाची शेती करावी, याची गंमत मुलांना फार वाटते. नंतर आणलेल्या ओटोंपैकी बहुतेक या दगडांवरच जगले.

आता त्या माशाविषयी, जो दुकानदार सर्वांत आधी दाखवतो. काळपट, खवल्यांच्या चिलखतासारखे अंग, काचेला तोंड लावून बसलेला. त्याला ‘सकर’ म्हणतात. बोटाएवढा असताना तो स्वस्त आणि मोहक असतो. हाही मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे मिळतात ते बहुधा टेरिगोप्लिक्थिस या प्रजातीतले. हा बोटाएवढा जीव चाळीस सेंटिमीटर आणि त्याहून अधिक वाढू शकतो. साठ सेंटिमीटरच्या टाकीत चाळीस सेंटिमीटरचा मासा म्हणजे कपाटात उभा केलेला माणूस. शिवाय तो जितका खातो तितकी विष्ठा करतो. आमच्या टाकीत सकर आल्यानंतर काचेचे शेवाळ कमी झाले आणि वाळूवरचा गाळ वाढला.

हा मासा मोठा झाला की घरोघरी तोच प्रसंग येतो. मारवत नाही, ठेववत नाही, दुकानदार परत घेत नाही. मग एका संध्याकाळी घरचे लोक त्याला जवळच्या तलावात वा नदीत सोडून येतात, आणि एका जिवाला मोकळे केले या समाधानाने घरी परततात. आमच्याकडेही आमचा सकर वीतभर झाला तेव्हा सातवीच्या मुलींनी तोच प्रस्ताव मांडला. ज्या विद्यालयात सकाळचा आरंभ सर्व प्राणिमात्रांविषयीच्या मैत्रीभावनेने होतो तेथे त्यांना दुसरे काही सुचले नसते, आणि त्यांना रागावणे शक्य नव्हते. आम्ही त्यांना उजनीच्या मच्छीमारांची अडचण सांगितली. त्या जलाशयात सकर पसरले आहेत. जाळ्यात रोहू-कटल्यांबरोबर हे काटेरी मासे येतात, त्यांना विकत घेणारे कोणी नाही आणि त्यांच्या कठीण पंखकाट्यांत अडकून जाळी फाटतात. केरळ, पश्चिम बंगाल, तमिळनाडू येथील पाणवठ्यांतही ते आढळले आहेत. नर काठाच्या मातीत बिळे करून अंड्यांची राखण करतात, त्यामुळे काठ ढासळतात. पाण्यात प्राणवायू कमी झाला तर ते पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात. इतर मासे मरतात तेथे ते तगतात. एक जीव सोडताना तळ्यातल्या अनेक जिवांच्या ताटातले काढून घेतले जाते. हे ऐकून त्या मुलींपैकी एकीने विचारले, “मग त्याचे काय करायचे?” प्रश्न रास्त होता. बागेला पाणी देण्याचा जुना सिमेंटचा हौद आम्ही त्यासाठी रिकामा करून घेतला आणि सांडव्याच्या तोंडाला जाळी बसवली.

सोनेरी-पिवळ्या रंगाचा आणखी एक मासा ‘अल्गी ईटर’ या नावाने विकला जातो. त्याला चिनी म्हणतात, परंतु तो प्रामुख्याने थायलंड, लाओस, कंबोडिया या मेकाँग नदीच्या परिसरातला. शास्त्रीय नाव गायरिनोकायलस. त्याची रचना अभ्यासण्याजोगी आहे. तोंड दगडाला घट्ट चिकटवून ठेवताना त्याला तोंडाने पाणी आत घेता येत नाही, म्हणून त्याच्या कल्ल्यांना पाणी आत घेण्यासाठी वरच्या बाजूस वेगळे छिद्र असते. लहानपणी तो शेवाळ खातो. मोठा होताना, आणि तो पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास होतो, त्याची शेवाळाची आवड कमी होते आणि तो एंजल, गोल्डफिश अशा संथ, रुंद अंगाच्या माशांना चिकटून त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर ओरबाडतो. घरच्या टाकीसाठी आम्ही त्याची शिफारस करीत नाही. याविषयी अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

सयामी शेवाळखाऊ, म्हणजे क्रॉसोकायलस, हा मात्र गुणी मासा आहे. काळ्या दाढीचे शेवाळ खाणारा आम्हाला माहीत असलेला हाच एक विश्वासाचा मासा. त्याच्या अंगावरचा काळा पट्टा शेपटीच्या पंखाच्या टोकापर्यंत जातो. त्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही दिखाऊ सोबत्यांचा पट्टा शेपटीच्या आधीच थांबतो. परंतु तो पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, चपळ पोहतो, झाकण नसेल तर उडी मारून बाहेर पडतो. चार फुटांची टाकी असलेल्यांनीच त्याचा विचार करावा. आणि आयते दाणे मिळू लागले की वयात आलेला हा मासाही शेवाळ खाण्याचा कंटाळा करतो, हे ध्यानात असू द्यावे.

मग दोन फुटांच्या टाकीत काय ठेवावे? टाकीत पाणी किती मावते हे आधी काढावे. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद, अडतीस उंच : गुणाकार ६८,४०० घन सेंटिमीटर, म्हणजे ६८ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पंचावन्न लिटरच्या आसपास. एवढ्या पाण्यात एकतर सहा ओटो ठेवावेत, अन्यथा चार-पाच मॉली. निवड आपल्या पाण्यावरून करावी. मुंबईसारख्या ठिकाणी तलावाचे पाणी सुफेन असते. तेथे ओटो चांगले राहतात. आमच्यासारख्या पठारावरील गावांत विंधनविहिरीचे पाणी दुष्फेन असते, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर धरतो. ते पाणी मॉलीला मानवते. मॉली केवळ शेवाळावर जगणारा मासा नाही, पण मऊ लेप आणि हिरवे धागे तो दिवसभर टिपत राहतो, सहज मिळतो, आणि शेवाळ संपले तर दाणे खाऊन सुखात राहतो. म्हणजेच तो उपाशी मरत नाही. नवशिक्याच्या हाती देण्यास हा मोठाच गुण आहे. एक अडचण सांगितलीच पाहिजे : मॉली थेट पिल्ले घालते आणि मादी एकदा फळल्यावर नराविना कित्येक महिने पिल्ले देत राहते. म्हणून नरच आणावेत. नराच्या पोटाखालचा मागचा पंख पंख्यासारखा पसरलेला नसून काडीसारखा निमुळता असतो. अडीच-तीन फुटांची टाकी असेल तर ब्रिसलनोज, म्हणजे तोंडावर मिशांसारखे तंतू असलेला अँसिस्ट्रस, हा एकच मासा पुरे. दिसायला तो सकरचा धाकटा भाऊ, परंतु बारा-तेरा सेंटिमीटरवर थांबतो. त्याला लपायला नारळाची अर्धी करवंटी द्यावी.

उन्हाळ्याचा विचार या सर्वांसाठी करावा. मे महिन्यात पाणी तीस अंशांच्या वर गेले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो, आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. ओटो हे सहन करीत नाही. आम्ही हवेच्या पंपाला बॅटरी जोडली आहे आणि सुटीत टाकी तळमजल्यावरील थंड खोलीत हलवतो.

शेवटी आपल्या घरच्या माशाविषयी. सह्याद्रीच्या ओढ्यांत, पाणी दगडावरून उसळत असते तेथे, दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा एक मासा आपल्या मुलांनी पाहिलेला असतो; त्याला मळ्या किंवा मल्या म्हणतात. मुंबई सरकारच्या सेवेतील विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा त्यांनी या माशाचे मराठी नावच शास्त्रीय नावात घेतले, आणि आजही जगभरचे अभ्यासक त्याला ‘गारा मुल्ल्या’ म्हणतात. परदेशी मासा विकत आणण्यापेक्षा ओढ्यातला मळ्याच का आणू नये, असे विद्यार्थी विचारतात. त्याला वाहते, गार, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. व्हरांड्यातील उभ्या पाण्यात तो गुदमरतो. म्हणून आम्ही दरवर्षी पावसाळा ओसरल्यावर आठवीच्या वर्गाला ओढ्यावर नेतो. मुले गुडघाभर पाण्यात उभी राहून काचेच्या तळाचा डबा पाण्यावर धरतात आणि मळ्या चरताना पाहतात. दगडावर त्याच्या ओठांच्या लहान लहान खुणा उमटलेल्या असतात. त्या मोजण्याचे काम वहीत लिहून द्यावे लागते.

हा लेख लिहिताना व्हरांड्यातील टाकीत पाच ओटो आहेत. मागची काच हिरवी आहे. ती तशी का ठेवली आहे याची सूचना विद्यार्थ्यांनी लिहून बाजूला चिकटवली आहे, कारण येणारे पाहुणे अजूनही ती पुसायला सांगतात. सकर हौदात आहे. भेटीस आलेल्या माजी विद्यार्थ्यांनी त्याला पाहण्यासाठी संध्याकाळी यावे. दिवसा तो कौलाखाली असतो. बरोबर काकडी आणल्यास हरकत नाही.